जाहिरातीतला खेळ आणि हातातला खेळ



मृगाच्या तोंडावर आपण तालुक्याच्या गावी बियाणं आणायला जातो. पिशवीवर टपोऱ्या कणसाचं, नाहीतर शेंगांनी लगडलेल्या सोयाबीनचं चित्र असतं. पण नुसतं चित्र पाहून शहाणा शेतकरी पैसे मोजत नाही. तो पिशवी उलटी करतो आणि तिला लावलेली चिठ्ठी वाचतो. उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, तपासणी कधी झाली, हे त्या चिठ्ठीवर असतं. अधिसूचित वाणांच्या बियाण्याला अशी चिठ्ठी लावलीच पाहिजे, असा १९६६ च्या बियाणे कायद्याचा दंडक आहे.

आज ज्या मालाविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे, त्याची चित्रं फार सुंदर असतात. पण उगवणशक्तीची चिठ्ठी मात्र त्याला कोणी लावत नाही. हा माल म्हणजे व्हिडिओ गेम. मोबाइलवर किंवा संगणकावर खेळायचा खेळ. तुम्ही म्हणाल, शेतीभातीच्या आणि शाळेच्या माणसांना या पोरखेळाचं काय? तर पाहा, घरात एकच मोबाइल असला तरी संध्याकाळी तो पोराच्या हातात असतो. खेळ फुकट म्हणून घेतला तरी इंटरनेटचा पैसा आपल्याच खिशातून जातो, आणि फुकट खेळातही पुढे पोशाख, हत्यारं, जादा संधी विकत घ्या म्हणून आग्रह सुरू होतो. शिवाय जाहिरातीत दाखवलेलं आणि प्रत्यक्ष हातात आलेलं यांतलं अंतर मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळतं, ते बहुधा या खेळांतच. ते अंतर त्याला नीट मोजता आलं, तर पुढे बियाणं घेताना, घर घेताना, कर्जाच्या कागदावर सही करताना तीच नजर त्याच्या उपयोगी पडेल.

प्रथम अगदी जवळचं उदाहरण घेऊ. मोबाइलवर एखादं भजन किंवा हवामानाची बातमी ऐकत असता मध्येच एक जाहिरात येते. तिच्यात एक माणूस भिंतींच्या मध्ये अडकलेला असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उकळता लाव्हा, वर खजिना. मध्ये खिळे ठोकलेले असतात. कोणता खिळा आधी ओढला म्हणजे माणूस वाचेल, हे कोडं. आणि जाहिरातीतला हात नेमका चुकीचा खिळा ओढतो! बघणाऱ्याच्या जिवाची तगमग होते. ‘अरे, हे तर मलाही जमलं असतं’ म्हणत तो बटण दाबतो आणि खेळ मोबाइलवर उतरवून घेतो. उघडून पाहतो तर काय? खिळे नाहीत, लाव्हा नाही. एका रंगाचे तीन तुकडे एका ओळीत जुळवायचे आणि त्या बदल्यात घराची किंवा बागेची सजावट करायची, असा निराळाच खेळ हातात येतो.

ही काही माझ्या मनची गोष्ट नव्हे. प्लेरिक्स या कंपनीचे ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ असे दोन खेळ जगभर खेळले जातात. त्यांच्या अशाच दोन जाहिरातींविषयी ब्रिटनमध्ये तक्रारी झाल्या, आणि तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने २०२० च्या सप्टेंबरअखेर निर्णय दिला की या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत, त्या या स्वरूपात पुन्हा दाखवू नयेत. अशी कोडी खेळात अधूनमधून येतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळही होती, की सर्व दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत. प्राधिकरणाने म्हटलं, खेळाचा मुख्य भाग वेगळाच आहे आणि तेवढी बारीक ओळ पुरेशी नाही. भाताच्या दुकानावर पुरणपोळीची पाटी लावून, पोळी महिन्यातून एकदा करतो, असं सांगण्यासारखंच हे झालं.

असं का करतात? याचं कारण साधं आहे. खेळ तयार करणारी मंडळी वेगळी आणि जाहिरात तयार करणारी मंडळी वेगळी असतात. एकाच खेळाच्या अनेक जाहिराती तयार होतात आणि थोड्याथोड्या लोकांना दाखवून पाहिल्या जातात. ज्या जाहिरातीवर जास्त बोटं पडतात ती ठेवायची, बाकीच्या टाकायच्या. या चाळणीत ‘जाहिरात खरी आहे का’ हा प्रश्न कोठेच येत नाही. ‘बोट पडलं का’ एवढंच पाहिलं जातं. असं वर्षभर चाळत राहिलं की जाहिरात आपोआप खेळापासून दूर दूर सरकत जाते.

आता मोठ्या खेळांकडे वळू. मोठा गेम तयार व्हायला तीन वर्षं लागतात, कधी पाच, कधी आठ. चित्रकार, संगीतकार, कथालेखक, गणिताचे आणि संगणकाचे जाणकार असे शेकडो लोक त्यावर राबतात. एवढा खर्च करायचा तर गिऱ्हाइकाला आधीपासून धरून ठेवलं पाहिजे. म्हणून खेळ अर्धामुर्धा असतानाच त्याची एक छोटी चित्रफीत दाखवतात. तिला ट्रेलर म्हणतात. ही चित्रफीत तीन प्रकारची असू शकते, आणि हा फरक आपण ध्यानात ठेवला की निम्मं काम झालं.

पहिला प्रकार निव्वळ सिनेमाचा. ॲनिमेशनच्या चित्रपटासारखी एकेक चौकट आधी तयार करून ठेवलेली असते. एक चौकट बनवायला संगणकाला कित्येक तास लागले तरी चालतं, कारण प्रेक्षक नंतर यायचा असतो. खेळात तसं चालत नाही. खेळणाऱ्यानं बोट हलवलं की चित्र त्या क्षणी बदललं पाहिजे. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग येतो. जे चित्र काढायला तिकडे तास मिळाले, ते इकडे पापणी लवायच्या आत काढायचं. मग दोन्हींचा रंग सारखा कसा असेल?

दुसरा प्रकार नमुन्याच्या तुकड्याचा. पुण्यात नवी इमारत उभी राहत असली की बिल्डर एक नमुना सदनिका सजवून ठेवतात. गुळगुळीत फरशी, नेमका उजेड, मापानं थोडं लहान केलेलं फर्निचर. मागे इमारतीचा अजून पायाच खणलेला असतो. गेमचंही तसंच करतात. सगळ्या खेळातला दहा मिनिटांचा एक तुकडा तेवढा घासूनपुसून पुरा करायचा आणि प्रदर्शनात दाखवायचा. त्यात खोटं काही नसतं. पण उरलेला खेळ तसाच होईल याची खात्री त्या वेळी करणाऱ्यालाही नसते.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष खेळातल्या चित्रणाचा. हा सर्वांत प्रामाणिक. तरीही एक प्रश्न राहतोच, की ते चित्रण कोणत्या यंत्रावर केलं? लाख-दीड लाखाच्या संगणकावर जो खेळ पाण्यासारखा वाहतो, तोच आपल्या दहा हजारांच्या मोबाइलवर चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखा चालतो.

श्रोतेहो, हे सगळं दूरदेशीचं आहे असं समजू नका. असे खेळ आपल्या पुण्यातही तयार होतात. विद्येचं माहेरघर म्हणून आणि कारखान्यांचं शहर म्हणून पुणं आपल्याला ठाऊक आहे. पण या नव्या धंद्यातलीही पुण्याची तीन उदाहरणं सांगण्याजोगी आहेत, आणि तिन्हींतून तीन वेगळे धडे मिळतात.

पहिलं उदाहरण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची पुण्यात २००८ पासून कार्यशाळा आहे. या कंपनीचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ सालचा गाजलेला खेळ. तो नव्यानं घडवण्याचं काम कंपनीनं पुणे आणि मुंबई इथल्या आपल्या कार्यशाळांकडे सोपवलं. एवढा नावाजलेला खेळ आपल्याकडच्या मुलामुलींच्या हाताने पुन्हा घडणार, ही अभिमानाची गोष्ट होती. २०२० च्या सप्टेंबरात ट्रेलर दाखवला गेला आणि खेळ २१ जानेवारी २०२१ रोजी येईल अशी तारीख जाहीर झाली. पण ट्रेलरमधली दृश्यं लोकांना जुनाट वाटली आणि टीकेचा भडिमार झाला. तारीख मार्चवर गेली. मग फेब्रुवारीत कंपनीनं नवी तारीख न देताच खेळ पुढे ढकलला. २०२२ च्या मे महिन्यात काम कॅनडातल्या माँट्रियलच्या कार्यशाळेकडे गेलं, आणि अखेर २०२६ च्या जानेवारीत हा खेळ रद्द केल्याचं कंपनीनं जाहीर केलं. तारखेसकट जाहिरात झालेला खेळ गिऱ्हाइकाच्या हाती कधी आलाच नाही.

यातून घ्यायचा धडा दुहेरी आहे. एक तर, जाहीर झालेली तारीख म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे. करणाऱ्यांचा तो अंदाज असतो, आणि बऱ्याचदा अंदाज कारागिराचा नसून विक्री खात्याचा असतो. दुसरी गोष्ट अशी, की अर्धवट काम उघडं केलं तर लोक नावं ठेवतात आणि सजवून दाखवलं तर टाळ्या वाजवतात. मग पुढचा माणूस सजवूनच दाखवणार! अशा सजावटीला आपली टाळीही थोडी जबाबदार असते.

दुसरं उदाहरण ‘राजी’चं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं हा खेळ केला. राजी नावाची एक मुलगी आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते, राक्षसांशी झुंजते, दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी उभे राहतात. राजस्थानातल्या किल्ल्या-महालांची धाटणी आणि पहाडी चित्रशैलीचे रंग यांवरून त्याची दृश्यं घडवली आहेत. पैसे उभे करण्यासाठी २०१७ साली या मंडळींनी किकस्टार्टर नावाच्या ठिकाणी लोकांकडे आगाऊ मदत मागितली. १ लाख २० हजार पौंडांचं उद्दिष्ट होतं. ते पुरं झालं नाही. पण या वेळी त्यांनी एक गोष्ट केली, ती मला मोलाची वाटते. नुसती चित्रफीत दाखवून ते थांबले नाहीत. खेळाचा एक भाग लोकांना फुकट खेळून पाहायला दिला. त्याला डेमो म्हणतात. बाजारात आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढे दुसरीकडून आर्थिक पाठबळ मिळालं आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘राजी’ निन्टेंडो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला, ऑक्टोबरमध्ये संगणकावर आणि इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पुरस्कारांत पहिल्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. म्हणून त्यात उणीव नव्हती असं नाही. खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट तुटल्यासारखा वाटतो, अशी तक्रार परीक्षकांनी केली. चमूनं २०२२ साली सुधारित आवृत्ती काढली, तिच्यात हिंदी संवादही घातले. पण हे लक्षात घ्या, की तक्रार लांबीची होती. चित्रात एक दाखवलं आणि हातात दुसरंच दिलं, ही मुख्य तक्रार नव्हती. लहान वचन देऊन ते पाळणं हा व्यवहार पैशाच्या ओढगस्तीतही करता येतो, हे पुण्याच्या या पोरांनी दाखवून दिलं.

तिसरं उदाहरण ‘इंडस’चं. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीचा हा मोबाइलवरचा खेळ. मैदानात बरेच खेळाडू उतरतात आणि शेवटी जो उरेल तो जिंकला, अशा जातीचा. २०२२ मध्ये त्याचा गाजावाजा सुरू झाला, २०२३ मध्ये पूर्वनोंदणी उघडली, एक कोटीहून अधिक नावं नोंदली गेली, आणि खेळ सर्वांसाठी आला २०२४ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात मुलं ‘कधी येणार, कधी येणार’ म्हणून टेकीस आली. कंपनीनं या अवधीत खेळाडूंना बोलावून चाचण्या घेतल्या, अपुरी आवृत्ती मोजक्या लोकांच्या हाती देऊन त्यांचे दोष ऐकून घेतले. हा रस्ता चांगलाच. पण पूर्वनोंदणीचा अर्थ काय, तेवढा मुलांना समजावून सांगायला हवा. पूर्वनोंदणीचा आकडा म्हणजे किती जणांनी जाहिरात पाहून ‘हो’ म्हटलं त्याची मोजणी. जत्रेच्या आदल्या दिवशी तमाशाच्या फडाभोवती जमलेली गर्दी पाहून वग कसा रंगला हे सांगता येईल का? वग अजून उभाच राहिलेला नसतो.

आता थोडं पुण्याबाहेर, बंगळूरला जाऊ. २०२० च्या २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात ‘पब्जी मोबाइल’ होता. खेड्यापाड्यांतली तरुण मुलं हा खेळ तासन् तास खेळत, हे आपण पाहिलं आहे. बंदीनंतर दोनच दिवसांनी ‘फौ-जी’ नावाच्या देशी खेळाची घोषणा झाली. अक्षयकुमारसारख्या मोठ्या नटानं ती केली. निव्वळ उत्पन्नातला वीस टक्के वाटा ‘भारत के वीर’ निधीला जाईल असंही सांगितलं गेलं. लोकांनी मनाशी हिशेब जुळवून टाकला, की हा आता पब्जीच्या जागी येणार. २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ आला. पाहतात तर एकट्यानं खेळायची गलवान खोऱ्यातली मोहीम, बरीचशी हातघाईची. मित्रांना घेऊन खेळायची सोय त्या दिवशी नव्हतीच. ती पुढे काही महिन्यांनी आली. मग नाराजीचा पाऊस पडला.

येथे न्यायानं बोललं पाहिजे. हा पब्जीसारखाच खेळ असेल असं वचन कंपनीनं दिलं नव्हतं. पण घोषणेची वेळ अशी, नाव असं, वातावरण असं, की ऐकणाऱ्यानं न बोललेलं वचन स्वतःच ऐकलं. जाहिरातीचं खरं कसब यातच आहे, मंडळी. ती शब्द कमी देते आणि उरलेलं आपल्याकडून भरून घेते. म्हणून मुलांना हे शिकवावं लागतं, की जाहिरातीत काय सांगितलं आणि आपण काय समजलो, हे दोन रकाने वेगळे मांडायचे.

परदेशातलं एक मोठं उदाहरण सांगून हा भाग संपवतो. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट या नामांकित कंपनीनं ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१२ साली जाहीर केला. २०१८ मध्ये खेळाचं अठ्ठेचाळीस मिनिटांचं चित्रण दाखवलं, आणि जग थक्क झालं. २०२० च्या एप्रिलची तारीख होती. ती सप्टेंबरवर, मग नोव्हेंबरवर, मग डिसेंबरवर गेली. खेळ हाती यायच्या आधीच ऐंशी लाख लोकांनी तो घेऊन ठेवला. १० डिसेंबर २०२० रोजी खेळ आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर तो मध्येच बंद पडत होता, चित्रं फाटत होती, माणसं हवेत लटकत होती. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना तो भारी संगणकावरच तपासायला मिळाला होता. जुन्या यंत्रांवर तो कसा चालतो हे त्यांना पाहता आलेलं नव्हतं. आठवड्याभरात सोनी कंपनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. २०२१ च्या जूनमध्ये तो पुन्हा विक्रीला आला. दुरुस्त्या चालूच होत्या. २०२३ पर्यंत तो इतका सुधारला, की लोक त्याची स्तुती करू लागले. आता विचार करा, फायदा कोणाचा झाला? ज्यानं घाई केली त्यानं पूर्ण किंमत देऊन मोडका माल घेतला. जो थांबला त्याला चांगला माल मिळाला, आणि बहुधा स्वस्तात. शेतमाल थांबला तर नासतो. हा माल थांबल्यानं पिकतो.

मग ग्राहकाला काही आधार आहे की नाही? आहे. आणि या बाबतीत पुण्याचं नाव मानानं घेतलं पाहिजे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ मध्ये झाला, त्याच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. आज २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, याची व्याख्या त्यात दिली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतालाही तो लागू होऊ शकतो. २०२२ च्या जूनमध्ये या प्राधिकरणाने नियमावली काढली. तिच्यात असं सांगितलं आहे, की खुलाशाची बारीक ओळ मूळ दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे, आणि मोठ्या अक्षरांत खोटं सांगून बारीक अक्षरांत ते सावरता येणार नाही. नमुना सदनिकेच्या बाबतीत तर २०१६ च्या रेरा कायद्यानं स्पष्टच म्हटलं आहे, की जाहिरात किंवा नमुना पाहून घर घेतलं आणि ते खोटं निघालं तर बिल्डरनं भरपाई द्यावी. गेमच्या नमुन्याला इतका नेमका कायदा नाही. तिथे ग्राहक कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट निराळी. त्यांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. तेव्हा ‘खेळा आणि रोज हजार कमवा’ असं कोणी दाखवत असेल, तर तिथे अंतर मोजत बसू नका. तो रस्ताच सोडा.

कायद्याच्या आधी काही साधे उपाय हातात असतात. गूगलच्या प्ले स्टोअरवर विकत घेतलेलं ॲप पसंत पडलं नाही, तर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत पैसे परत मागता येतात. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत, आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. म्हणून घेतल्यावर पहिला तासभर खेळ पारखण्यात घालवावा. तेवढ्यात पुष्कळ कळतं.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करतो. मराठीच्या किंवा परिसर अभ्यासाच्या एखाद्या तासाला वर्गात हा प्रयोग करून पाहा. फळ्यावर चार प्रश्न लिहा. जाहिरातीत दिसतं ते प्रत्यक्ष खेळातलं आहे, की सिनेमासारखं बनवलेलं? ते कोणत्या यंत्रावर दिसतं, आणि आपलं यंत्र कोणतं? जाहिरातीत शब्दांनी काय सांगितलं, आणि आपण मनानं काय भरलं? आणि चौथा, हा खेळ आपल्या ओळखीत कोणी खेळला आहे का, आणि तो काय म्हणतो? मुलांना त्यांच्या आवडीच्या खेळाची जाहिरात आठवायला सांगा. एका रकान्यात दाखवलेलं लिहू द्या, दुसऱ्यात मिळालेलं. वर्ग कसा बोलका होतो ते पाहा. एरवी निबंधाला चार ओळी न लिहिणारा मुलगा पानभर लिहील, कारण या विषयात तो गुरुजींपेक्षा अधिक जाणता असतो. मग त्याच रकान्यांत साबणाची जाहिरात घाला, खताची घाला, शिकवणीच्या वर्गाची घाला. पद्धत तीच राहते.

आईवडिलांना एवढंच सांगेन, की मूल हिरमुसून म्हणालं, ‘जाहिरातीत दाखवलं तसं यात काहीच नाही,’ तर ‘बरं झालं, पुन्हा मोबाइल धरशील?’ असं म्हणू नका. त्या क्षणी ते तुमच्याकडे एक तक्रार घेऊन आलेलं असतं, आणि तक्रार खरी असते. त्याच्याजवळ बसा. काय दाखवलं होतं आणि काय मिळालं, ते त्याला सांगू द्या. जमलं तर दुकानाच्या पानावर दोन ओळींचा अभिप्राय त्याच्याकडून लिहून घ्या. शिवी न देता, नेमकं काय नाही ते सांगणारा. तो अभिप्राय दुसऱ्या गावच्या मुलाला उपयोगी पडतो. आपल्या मालाला चिठ्ठी नाही असं मी आरंभी म्हटलं. असे प्रामाणिक अभिप्राय जमत गेले की त्यांचीच चिठ्ठी तयार होते, आणि ती ग्राहकांनी ग्राहकांसाठी लिहिलेली असते.

आणि तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी उद्या पुण्यात येऊन हेच खेळ घडवायला शिकेल. असे अभ्यासक्रम आता निघाले आहेत, धंदा वाढतो आहे. त्या मुलांनाही हाच धडा लागू आहे. चित्रकार जीव तोडून काम करतो, आणि विक्री खात्यानं न पेलणारं वचन दिलं तर शिव्या मात्र त्याच्या कामाला बसतात. तेव्हा कारागिरानंही आपल्या मालाविषयी खरं बोलण्याचा आग्रह धरावा. फोड कापून हातावर ठेवावी, आणि गिऱ्हाइकाला म्हणावं, चाखून बघा, मग ठरवा.